आंबट झालेलं पाणी

धनंजय गेला पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, आणि त्याचे मासे मरायला लागले ते दिवाळी उलटल्यावर.

पहिला मेला तेव्हा नमिताला त्यात विशेष काही वाटलं नाही. सकाळी कॉलेजला निघायच्या गडबडीत तिनं टाकीचा दिवा लावला, तर एक एंजल मासा तळाशी आडवा पडलेला. चपटं रुपेरी अंग, त्यावरचे काळे पट्टे फिकट झालेले. बोरगाव मेघेतल्या त्या घरात, बैठकीच्या खोलीत टीव्हीची जागा होती तिथं धनंजयनं चार फुटी टाकी बसवली होती. नखाएवढ्या पिल्लांपासून वाढवलेले नऊ एंजल होते तिच्यात. आता आठ उरले. नमितानं चहाच्या जुन्या गाळणीनं मेलेला मासा उचलला आणि कुंपणाजवळच्या जास्वंदीखाली पुरला. वळून पाहते तर सासूबाई दारात उभ्या.

"गेला का?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"हो आई. म्हातारा झाला असेल."

"म्हातारा कायचा? दोन वर्साचा त होता." त्या जरा थांबल्या. "त्यानं नेला. त्याचे होते, आता एकेक घेऊन चालला."

नमितानं हातावरची माती झटकली. ती वर्ध्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. मेलेलं माणूस येऊन मासे नेतं यावर तिचा विश्वास नव्हता. पण ज्या बाईचा एकुलता मुलगा बेचाळिसाव्या वर्षी गेला, तिच्याशी या गोष्टीवरून वाद कोण घालणार?

माशांचं तिनं काही कमी केलं नव्हतं. उलट धनंजय असताना ती टाकीकडे ढुंकून बघायची नाही, आणि आता दर रविवारी बाह्या सरसावून उभी राहायची. कॉलनीला बोरिंगचं पाणी होतं, अगदी खारं. भांड्यांवर पांढरे डाग, नळाच्या तोटीवर पापुद्रे. असलं पाणी त्याच्या माशांना कशाला, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून शनिवारी दिवसभर स्वयंपाकघरातला आरओ चालू ठेवून ती बादल्या भरायची आणि रविवारी चार बादल्या जुनं पाणी काढून चार बादल्या आरओचं टाकायची. काच अशी लखलखायची की मधे काच आहे हेच कळू नये. आलेगेले म्हणायचे, धनंजयपेक्षा तुम्हीच छान ठेवली. ते ऐकून तिला बरं वाटायचं, आणि लगेच कसंसंही व्हायचं.

संध्याकाळचं मात्र तिला झेपत नसे.

धनंजय पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून पावणेसातला घरी यायचा. फाटकाशी गाडी बंद झाली की टाकीतले मासे दाराकडच्या काचेशी जमायचे. तो बूटसुद्धा न काढता आधी त्यांना दाणे टाकायचा. तो गेल्यावर नमितानं दाण्याची वेळ बदलून सकाळची केली. तरी मासे पावणेसातला जमतच राहिले. दिवस लहान झाले, अंधार लवकर पडू लागला, तरीही. सगळे एका रांगेत, तोंडं दाराकडे करून, कल्ले हलवत. सुलोचनाबाई ते पाहून उठायच्या आणि दार उघडून ठेवायच्या. पाच-सात मिनिटं. मग लावून घ्यायच्या.

आणि त्याच वेळी नमिताला तो आवाज यायचा.

स्वयंपाकघरातून यायचा. स्टीलच्या पेल्यात कुणी चमचा फिरवतंय, असा. किण् किण् किण्, घाईघाईत. पहिल्यांदा ती उठून बघायला गेली. ओटा कोरडा, पेले पालथे घातलेले. तिला वाटलं, फिल्टरची नळी काचेवर आपटत असेल. नळीमागे तिनं स्पंजचा तुकडा खोचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. सुलोचनाबाईंना विचारायची तिची हिंमत झाली नाही. तो आवाज कसला हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जगात तिच्याखेरीज कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

डिसेंबर संपेपर्यंत आणखी दोन मासे गेले. उरलेल्यांचे पर अंगाला चिकटले, ते कोपऱ्यात तोंड खुपसून राहू लागले. पावणेसातला मात्र तसेच, धडपडत का होईना, दाराकडे यायचे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम दोन मेलेले सापडले. उरले चार. सुलोचनाबाई ते पाहून एवढंच म्हणाल्या, "हे चार गेले का तोबी जाईन." त्यांच्या आवाजात भीती होती. तो येतो याची नव्हती ती, तो यायचा बंद होईल याची होती.

त्या दिवशी नमितानं रजा टाकली. एका बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि नालवाडीच्या रस्त्यावर नागेशचं माशांचं दुकान होतं तिथं गेली. धनंजयनं ती नऊ पिल्लं तिथूनच आणली होती. नागेश आर्वीकडच्या एका खेड्यातला, तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातला. तिला पाहताच तो स्टुलावरून उठला.

"या, वयनी. भाऊ गेल्यावर मी येनारच होतो, पन..." त्यानं बाटली हातात घेतली.

काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यानं दोन थेंब टाकले. पाणी पिवळंधम्मक झालं. दुसऱ्या नळीत दुसऱ्या औषधाचा एकच थेंब टाकला. निळा व्हायला हवा होता, तो थेटच पिवळा झाला. नागेशनं नळी उजेडात धरली आणि चुकचुकला.

"वयनी, पानी आंबट झालं. पार आंबट. तुमी नुसतं आरओचंच टाकून राह्यल्या का?"

"हो. शुद्ध असतं म्हणून..."

"तेच त झालं. त्या पान्यात काईच नसते. मासोया घान करते, त्या घानीनं पानी रोज थोडं थोडं आंबट होते. बोरिंगच्या पान्यातला खार ते आंबट खाऊन टाकते. आरओत खारच नाई, त मंग कोन खाईन?"

पुढचं त्यानं नमिताला सांगायची गरज नव्हती. बफर. कार्बोनेट, बायकार्बोनेट. दर वर्षी बारावीच्या पोरांना ती फळ्यावर समीकरण लिहून दाखवायची, की पाण्यात हे नसेल तर जरा आम्ल पडलं तरी पीएच धाडकन खाली येतो. प्रयोगशाळेच्या कपाटात पीएच कागदाच्या पुड्यांनी खण भरलेला होता. आणि घरच्या टाकीत त्यातला एक कागद बुडवून पाहायचं तिला पाच महिन्यांत सुचलं नव्हतं.

"भाऊ अर्ध आरओचं, अर्ध बोरिंगचं टाकत होते," नागेश म्हणाला. "आन फिल्टरमंदी एक मोजा होता नं? शिंपल्याचा चुरा भरलेला?"

होता. सप्टेंबरात फिल्टर धुताना तिला धनंजयचा राखी रंगाचा मोजा सापडला होता, गाठ मारलेला. हा माणूस कुठं काय कोंबेल नेम नाही, म्हणून ती एकटीच हसली होती, नंतर रडली होती. आतला पांढरा चुरा तिनं जास्वंदीत ओतला. मोजा मात्र धुऊन, घडी करून कपाटात ठेवला.

"आता जाऊन बोरिंगचं पाणी टाकते," ती म्हणाली.

"बिलकुल नोका टाकू! एकदम खारं पानी गेलं त चारी मासोया संध्याकायपर्यंत खतम. आंबट पान्यात घानीचं जहर झोपून राह्यते, वयनी. एकाएकी खार आला का जागं होते."

"अमोनिया," नमिता स्वतःशीच म्हणाली.

"काय असंन ते. म्हनून दोन दिवस दाने बंद. आरओचंच पानी थोडं थोडं बदला, घान निंगू द्या. परवापासून खान्याचा सोडा. चिमूटभर, पेलाभर पान्यात चांगला घोळून. सकाय-संध्याकाय. हळूहळू चढला पायजे."

नमिताचा चेहरा उतरलेला पाहून तो थांबला.

"सोडा नको," ती म्हणाली. "दुसरं काही द्या."

"काऊन?"

"नको. शिंपल्यांचा चुरा द्या."

"चुरा देतो नं. पन त्याले महिनाभर लागते. तुमच्या मासोयाइजोळ महिना नाई." तो गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला. "घरातलाच सोडा, वयनी. भज्यात टाकतो तोच."

चुऱ्याची पुडी घेऊन ती बाहेर आली. गाडी सुरू करून थोडी पुढं गेली आणि एका बंद शटरसमोर थांबली. हेल्मेट डोक्यात तसंच ठेवून ती तिथं बराच वेळ बसून राहिली.

धनंजय गेला त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी आला होता. सुलोचनाबाई शेजारच्या गल्लीत भजनाला गेल्या होत्या. नमिताच्या मांडीवर चाचणी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा. तो छाती चोळत म्हणाला, जळजळतंय गं फार, दवाखान्यात जाऊन यायचं का? ती म्हणाली, आणखी काही होतंय का? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग ऑफिसातली भजी दुसरं काय करणार, अॅसिडिटी आहे. उठून तिनं पेल्यात अर्धा चमचा सोडा घातला, पाणी ओतलं, घाईघाईत ढवळलं. पेपर राहिले होते. त्याला ढेकर आली, तो म्हणाला, हां, बरं वाटतंय. ती म्हणाली, पड थोडा वेळ, सकाळी बघू. आम्लावर सोडा. तिला इतकी खात्री होती.

सव्वा तासानं त्याला दरदरून घाम फुटला. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं तेव्हा आठ वाजून गेले होते. तरुण डॉक्टरनं धावतपळत विचारलं, दुखायला कधी लागलं? आणि नमिता म्हणाली, "आत्ताच. अर्धा तास झाला."

का म्हणाली ते तिला आजही सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं. डॉक्टरनं ते कागदावर लिहिलं. पुढच्या पाऊण तासात सगळं संपलं.

घरी येऊन दोन दिवस तिनं नागेशनं सांगितलं तसं केलं. आरओचं पाणी तांब्यानं थोडं थोडं काढलं, थोडं थोडं घातलं. कॉलेजातून पीएच कागद आणून बुडवला. कागद नारिंगी झाला, पाचच्या आसपास. दुसऱ्या दिवशीही नारिंगीच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. लोणच्याच्या बरणीमागं सोड्याचा डबा होता. पाच महिन्यांत त्याला तिचा हात लागला नव्हता. तिनं पेला घेतला, पाणी घेतलं, चिमूटभर सोडा टाकला, चमचा घातला. आणि हात पुढं चालेना.

बाहेर मासे दाराशी जमायची वेळ झाली होती. सुलोचनाबाई बाहेरचं दार उघडून ठेवून आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत थांबल्या.

"काय करून राह्यली वो तू? थांबली काऊन?"

नमितानं सांगितलं. पेल्याकडे पाहत, एकाही शब्दावर न थांबता. जळजळ, भजी, पेपर, अर्धा चमचा, सकाळी बघू. दवाखान्यातलं खोटंही सांगितलं. सांगून झालं तरी ती पेल्याकडेच पाहत होती.

सुलोचनाबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "किती वाजता देल्ला त्याले सोडा?"

"पावणेसातला."

"आन निंगाले कधी?"

"आठला."

सुलोचनाबाई पुढं आल्या. त्यांनी तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि चमचा फिरवू लागल्या. किण् किण् किण्. नमितानं डोळे मिटले. पाणी निवळेपर्यंत त्यांनी सावकाश ढवळलं, बाहेर नेलं, टाकीत धार धरून ओतलं. पेला ओट्यावर आणून पालथा घातला. मग आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. नमिता पोळ्या करून ठेवायची, सुलोचनाबाई त्यातली एक उचलून पाण्याबरोबर खायच्या. संध्याकाळी मासे दाराशी जमले, पण दार कुणी उघडलं नाही. सकाळ-संध्याकाळ नमिता स्वतः सोडा घोळवत होती. आवाज होता, पण तो तिच्याच हातातल्या चमच्याचा होता. तिनं कान देऊन ऐकलं, दुसरा कुठला येतो का. आला नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला वाटलं, आता सासूबाईंप्रमाणं तोही आपल्याशी बोलायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मासा गेलाच. तीन उरले. कागद मात्र नारिंगीचा पिवळा झाला होता, म्हणजे आंबटपणा उतरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेला मासा पुरलेल्या जागेवर पाणी शिंपडत होती, तेव्हा सुलोचनाबाई येऊन पायरीवर बसल्या.

"त्या मंगयवारी," त्या एकदम बोलू लागल्या, "म्हंजे जायच्या दोन दिवस आधी, त्यानं माह्याजोळ बाम मांगितला. डावा हात दुखते म्हने. खांद्यापासून बोटापर्यंत. मी चोयून देल्ला."

नमिताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी म्हनलं, नमिताले सांगतो. त म्हने, नोको आई, तिचे पेपर आहेत. आयकलं का ती मले धरून दवाखान्यात नेईन. सोताची शपथ घातली त्यानं. मी नाई सांगितलं. बाम लावला आन गप बसली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दार काऊन उघडत होती मी? मले वाटे, आला त त्याले म्हनीन, तुही शपथ मोडतो बाप्पा, मले तिले सांगू दे. सांगवे ना, नमिता. तू रोज त्याच्या मासोयाइले पानी भरे, आन मले सांगवे ना."

नमिता पायरीवर त्यांच्याशेजारी बसली. त्यांचा हात हातात घ्यावा असं तिला वाटलं, पण घेता आला नाही.

"मला सांगू नको म्हणाला?"

"हो."

"हात दुखत होता, हे त्याला माहीत होतं. आणि मला फक्त जळजळ सांगितली?"

"हो वो माय."

"मी विचारलं होतं आई, आणखी काही होतंय का. नाही म्हणाला. मला तोंडावर नाही म्हणाला!" ती ओरडली तेव्हा शेजारच्या अंगणातल्या बाईनं वर पाहिलं. पाच महिन्यांत त्याच्यावर ती पहिल्यांदा चिडली होती. सुलोचनाबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्याही पुटपुटल्या, "लहानपनापासून असाच. ताप आला त कंबल घेऊन पडे, सांगे ना कोनाले." आणि मग दोघी रडल्या, त्या पायरीवर, भर उन्हात.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत कागद हिरवट येऊ लागला. नमितानं आता दोन बादल्या आरओचं आणि एक बादली बोरिंगचं असं पाणी ठरवलं. शिंपल्यांचा चुरा मोज्यात भरून फिल्टरमध्ये ठेवला. काचेवर पुन्हा पांढरे डाग पडू लागले आणि तिनं ते पुसले नाहीत. तिन्ही मासे जगले. संध्याकाळी पावणेसातला ते अजूनही दाराकडे तोंड करून येतात. नागेश म्हणतो, सवय असते. पाच महिने त्या वेळी एक दाणा न पडता कसली सवय, हे नमितानं त्याला विचारलं नाही.

एका शनिवारी ती दवाखान्यात गेली. सुलोचनाबाई म्हणाल्या, मीबी येतो. तो तरुण डॉक्टर ओपीडीत सापडला. नमितानं धनंजयचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. ती म्हणाली, मी तुम्हाला अर्धा तास सांगितला होता, ते खरं नव्हतं. सव्वा तास झाला होता, आणि हात तर दोन दिवस दुखत होता.

डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या, आठवायचा प्रयत्न केला. त्याला धनंजय आठवत नव्हता. तसं तो स्पष्ट म्हणाला नाही, पण तिला कळलं.

"आधी आणलं असतं तर?" तिनं विचारलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "कदाचित. काही जण वाचतात, काही नाही. त्यांच्या बाबतीत मी सांगू शकत नाही, मॅडम. खरंच."

बाहेर बाकावर सुलोचनाबाई चपला काढून, पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हनले?"

"सांगता येत नाही म्हणाले."

सुलोचनाबाईंनी मान हलवली. थोडा वेळ त्या समोरून जाणाऱ्या स्ट्रेचरकडे पाहत राहिल्या, मग पायानं चपला चाचपू लागल्या. एक बाकाखाली सरकली होती. नमितानं वाकून ती काढून दिली.

"चाल मंग," त्या म्हणाल्या, "ऊन होऊन राह्यलं."